दाराची आतली बाजू

मृत्यूपुढे सगळे सारखेच असतात. भूकंप स्मारक संग्रहालयाच्या दर्शनी भिंतीवर हे वाक्य हातभर उंचीच्या अक्षरांत कोरलेलं आहे, आणि त्याच्या बरोब्बर खाली, तिकिटाच्या खिडकीवर, प्रौढ, विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक आणि मृतांचे नातेवाईक असे वेगवेगळे दर लावलेले आहेत. नातेवाइकांना प्रवेश मोफत, पण नातं सिद्ध करायला हवं. माझ्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव होतं, पण खिडकीतल्या माणसाचं म्हणणं पडलं की त्यावरून ते माझे वडील होते एवढंच कळतं, ते भूकंपात गेले हे कळत नाही. मुद्दा बिनतोड होता. मी प्रौढाचं तिकीट काढलं. बायकोचंही काढलं. ती म्हणाली, भांडायचं होतंस. मी म्हणालो, कशासाठी. त्यावर तिने तिकिटं पर्समध्ये टाकली, कारण गाडीत बसल्यापासून ती माझ्या जबड्याकडे बघत इथवर आली होती. मी दात आवळले की कानाखाली एक गाठ वरखाली होते, आणि ती गाठ हे आमच्या संसारातलं हवामान खातं आहे. आज इशारा सकाळपासूनच होता.

सुरुवात एका फोटोने झाली होती. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतो. कल्पना साहेबांच्या असतात, रेघा माझ्या. त्या दिवशी एका दवाखान्याचा तळमजला माझ्याकडे होता आणि मी तपासणीच्या खोलीला दार लावत होतो. नकाशात दार लावणं सोपं असतं. एक बारीक रेघ, म्हणजे दाराची फळी. आणि तिच्या टोकापासून निघणारं पाव वर्तुळ, म्हणजे ती फळी कुठल्या अंगाला उघडते ते. खोल्यांची दारं आत उघडावीत असा सर्वसाधारण रिवाज आहे. माझी बाहेर उघडतात. मी ठरवून काढत नाही, हात तसा वळतो. साहेब लाल पेनाने पाव वर्तुळाभोवती गोल काढून म्हणतात, अरे बाबा, तुझ्या दारांनी पॅसेजमधून जाणाऱ्यांची नाकं फुटतील. मग मी ते खोडून आत वळवतो, आणि पुढच्या नकाशात पुन्हा तेच. साहेबांना हा माझा हट्ट वाटतो. मला स्वतःला ते काय वाटतं याचा विचार मी फारसा केलेला नाही. म्हणजे रोज केलेला आहे. तर असं पाव वर्तुळ अर्धवट सोडून मी फोन उचलला, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर आत्याने टाकलेला फोटो उघडला. पांढऱ्या भिंतीसमोर, वरून उजेड सोडलेलं एक निळं, एकफळी दार. खाली आत्याने लिहिलं होतं, आपलं दार म्युझियममध्ये लागलं. पुढे हात जोडल्याची चित्रं, आणि बोट घसरल्यामुळे एक केक. मी दवाखान्याच्या नकाशासमोर बसून होतो आणि माझ्या जिभेवर चुना आला. खरोखरचा चुना. भिंतीचा, ओलसर, दातांखाली कचकचणारा. मी उठून दोनदा चूळ भरली. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, चहा वाईट होता का. मी म्हणालो, हो.

ते दार आमच्या पुढच्या खोलीचं होतं. खोल्या दोन, आणि बाहेर पडायला दार ते एकच. भूकंप पहाटेनंतर, उजाडता उजाडता झाला. आई दूध आणायला गेली होती म्हणून वाचली. मी खाटेखाली होतो म्हणून वाचलो. तिथे कसा पोचलो ते माहीत नाही, बहुधा खाटेवरून पडलो असेन. मी सहा वर्षांचा होतो आणि पडण्यात तरबेज होतो. वडील सापडले ते उंबरठ्यावर, दाराखाली. दार आणि दारावरची भिंत दोन्ही त्यांच्या अंगावर आली होती. आता प्रश्न एवढाच, आणि मी पन्नाशी ओलांडून गेलो तरी तो एवढाच राहिला: उंबरठ्यावर सापडलेला माणूस आत येत होता की बाहेर जात होता?

आईचं उत्तर तयार होतं. वडील अंगणात दात घासत होते, जमीन हलली तसे माझ्यासाठी आत धावले. आम्ही मामाच्या शहरात राहायला आल्यावर आईने ही गोष्ट शेजारणींना सांगितली, माझ्या शिक्षिकांना सांगितली, दाताच्या डॉक्टरांना सांगितली, आणि पुढे माझ्या लग्नाच्या बोलण्यात मुलीकडच्यांनाही सांगितली. काळ गेला तसे गोष्टीतले वडील दर वेळी जरा लांबून धावत येऊ लागले. आधी ते अंगणात होते, मग फाटकापाशी, मग समोरच्या घराच्या ओट्यावर. आई थोडी आणखी जगली असती तर ते परगावाहून आले असते. मी कधी तिला अडवलं नाही. ऐकणारी माणसं माझ्याकडे बघून डोळे पुसायची, आणि ज्याच्यासाठी कुणी जीव दिला आहे अशा मुलाचा चेहरा मला करून ठेवावा लागायचा. तो मला चांगला जमू लागला होता.

पण माझ्याकडे एक पाठ आहे. पांढऱ्या बनियनमधली, खांद्याजवळ भोक पडलेली पाठ. मी खाली आहे, गारठलेल्या फरशीला गाल लावून, आणि ती पाठ माझ्यापासून दूर, दाराकडे. आणि कडीचा आवाज. आमच्या दाराला आतून सरकवायची कडी होती, लोखंडी दांडा ओढून चौकटीतल्या भोकात घालायचा. दांडा जरा जाड आणि भोक जरा लहान, म्हणून ती उघडताना हिसडा द्यावा लागे. त्या पाठीच्या पलीकडे मी तो हिसडा ऐकतो, एकदा, दोनदा. दांडा सुटल्याचा आवाज मात्र ऐकत नाही. आई दूध आणायला गेली की वडील मागून कडी घालून पुन्हा आडवे होत, हेही मला माहीत आहे, कारण परत आल्यावर दार वाजवून वाजवून ती जे बोलायची त्यातले काही शब्द मी शाळेत वापरले होते आणि मार खाल्ला होता. म्हणजे त्या दिवशीही कडी घातलेली असणार. म्हणजे ते आत असणार, माझ्यापासून हातभर अंतरावर. जमीन हलली, आणि ते उठून दाराकडे गेले. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला सांगितलं, पण लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, आणि तेही एका रागाच्या भरात, तिने माझ्या उशीची जागा बदलली म्हणून. मी नेहमी दाराच्या बाजूला झोपतो. ती म्हणाली होती, सहा वर्षांच्या पोराला कुठली पाठ कुठल्या दिवशीची ते कसं कळणार. मी म्हणालो होतो, मला कळतं. चर्चा तिथेच संपली आणि उशी मूळ जागी आली.

फोटो आल्यावर मात्र प्रश्न माझ्या धंद्याच्या हद्दीत आला. आठवणीचं काही सांगता येत नाही, पण दार ही वस्तू आहे, आणि वस्तू मला वाचता येते. कडी घातलेली असताना चौकट कोसळली तर दांडा वाकणार. वाकला नाही तर त्याच्या पट्टीचे स्क्रू लाकूड फाडून उपटणार. यातलं काहीही दिसलं, तर दार आतून बंद होतं, वडील आत होते, आणि ते माझ्याकडे नव्हे, दाराकडे गेले. दांडा सरळ आणि पट्टी जागच्या जागी असेल, तर कडी काढलेली होती, म्हणजे वडील आधीच उठून बाहेर गेले होते, म्हणजे आई खरं बोलत होती, निदान अंगणापर्यंत. पाठ मग कुठल्यातरी दुसऱ्या सकाळची. आत्याने टाकलेल्या फोटोत दाराची फक्त बाहेरची बाजू होती. आतली बाजू भिंतीकडे. मी तो फोटो बोटांनी मोठा करून करून पाहिला, जणू पुरेसा मोठा केला की तो पलीकडून दिसेल. आठवडाभर मला झोप नव्हती. मग बायकोनेच सुट्टी काढली, गाडीत पेट्रोल भरलं आणि म्हणाली, चल, एकदाचं बघून ये. मलाही ते गाव बघायचंय, तू काही नेणार नाहीस.

गाव बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. नवं होतं ते कुठल्याही गावासारखं होतं, रुंद रस्ते, एकसारखी घरं, बँक, गाड्या धुण्याचं केंद्र. आमची गल्ली कुठे होती ते मला ओळखू येईना, आणि ओळखू आली नाही याचं मला हायसं वाटलं. संग्रहालय मात्र प्रशस्त होतं. आर्किटेक्टने मनापासून काम केलेलं दिसत होतं. दुःख म्हटलं की आमच्या धंद्यात उघडं काँक्रीट वापरतात. आत शिरताच उतरती वाट, वाटेत अंधार, अंधारात नावांची भिंत. शांतता राखा अशा पाटीखाली शांतता राखायला नेमलेला माणूस बसला होता आणि त्याच्या बुटांतून प्रत्येक पावलाला बदकासारखा आवाज येत होता. बायकोने भिंतीवर वडिलांचं नाव शोधलं. मी शोधलं नाही. ती म्हणाली, सापडलं, ये. मी लांबूनच मान हलवली. नावात मला काय मिळणार होतं? ते गेले होते हे मला माहीत होतं. कुठल्या दिशेने गेले ते भिंतीवर लिहिलेलं नव्हतं.

दाराच्या दालनात जायला अनुभव कक्षातूनच वाट होती. असं कुठल्या शहाण्याने आखलं कोण जाणे. मी ते ड्रॉइंग केलं असतं तर बाजूने एक पॅसेज काढला असता. अनुभव कक्ष म्हणजे एका घराची बैठकीची खोली, खाली यंत्रावर बसवलेली. सोफा, टांगलेला दिवा, कपाट, कपाटात डिंकाने चिकटवलेल्या बशा. कक्ष चालवणारा माणूस सगळ्यांना कठडा धरून उभं राहायला सांगत होता, गरोदर बायका आणि हृदयाचे रोगी यांना बाकावर बसवत होता. बायको माझ्या कानाशी म्हणाली, आपण बाकावर बसू या का? मी म्हणालो, मला काय झालंय. आमच्याबरोबर एक सहलीचा गट होता, फोन वर धरून तयार. दार बंद झालं. एका खर्जातल्या आवाजाने सांगितलं की आता आपण तो क्षण अनुभवणार आहोत, आणि त्यानंतर पुढच्या दालनात स्मरणिका मिळतील.

मग खाली काहीतरी घुरघुरलं. मी तयारीत होतो. यंत्र आहे, त्याला मोटर आहे, मोटरला बटण आहे, बटणावर त्या माणसाचा अंगठा आहे, हे सगळं मी मनात मांडून ठेवलेलं होतं, आणि सगळं मांडलेलं असताना फरशी तळपायांखालून एका बाजूला निघून गेली. बशा वाजल्या नाहीत, डिंकामुळे. आणि मला वाटतं त्या वाजल्या नाहीत म्हणूनच बिघडलं. न वाजणाऱ्या बशा, आणि तोंडात चुना. पुढचं मला सलग आठवत नाही. कुणीतरी हसत होतं. मग माझ्या तळहाताखाली गार पत्रा होता, आणि मी खांद्याने दार ढकलत होतो, एक हिसडा, दुसरा हिसडा, आणि ते उघडलं, आणि सगळं एकदम थांबलं. दिवे लागले. कक्ष चालवणारा माणूस फार शांतपणे म्हणाला, "साहेब, मधेच दार उघडलं की मशीन बंद पडतं. आता सगळ्यांचा शो गेला." सहलीच्या गटाने माझ्याकडे पाहिलं. मी वळून पाहिलं. बायको खोलीच्या मध्यावर, दोन्ही हातांनी कठडा धरून उभी होती, पर्स खाली पडलेली, पर्समधलं सगळं फरशीवर. तिच्यात आणि माझ्यात सबंध खोली होती. मी दारात होतो. तिला माझी पाठ दिसली असणार.

बाहेर बाकावर ती पर्स भरत बसली. गोळ्या, किल्ल्या, रुमाल, माझा जवळचा चष्मा. मी समोर उभा राहिलो, कारण बसायला माझ्याच्याने होईना. मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला आपण उलट काही बोलू शकतो.

"पळालास," ती म्हणाली.

"मी दार उघडायला गेलो होतो."

"तेच म्हणते मी. दार उघडल्याशिवाय मला बाहेर काढणार कसा होतास?"

तिने चष्म्याची काच पदराने पुसली आणि तो माझ्यापुढे धरला. ती हसत होती की नाही, हे मी पाहण्याचा प्रयत्न केला, पण चष्मा तिच्या हातात होता. तो डोळ्यांवर चढवेपर्यंत ती उठून पुढे निघालीही होती. ते वाक्य माझ्या पोटात काहीतरी शोधत खाली उतरत होतं, आणि मी त्याला उतरू दिलं नाही. मला टोमणा वाटला. टोमणाच असणार, आमच्याकडे प्रेमाच्या गोष्टी याच आवाजात बोलल्या जातात, त्यामुळे फरक करता येत नाही. शिवाय मला आता वाक्यं नको होती. मला कडी हवी होती.

दार मोठ्या दालनाच्या टोकाला होतं, एकटं. जवळ गेल्यावर ते मला लहान वाटलं. माझ्या आठवणीत त्याची कडी माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. निळा रंग पापुद्रे धरून सुटला होता, खालच्या कोपऱ्यात उंदरांनी कुरतडलेल्या जागी सुताराने ठोकलेली ठिगळपट्टी होती, आणि ती पाहून मला एकदम वडिलांचा हात दिसला, खिळे ओठांत धरून बसलेला सुतार दिसला, वडील त्याला चहा देत होते. दारच होतं ते. आमचंच. शेजारी पाटी: परतलेला पिता. या दारातून एक पिता आपल्या सहा वर्षांच्या लेकराला वाचवण्यासाठी पुन्हा आत धावला. लेकरू वाचलं. पाटीशी एक बाई डोळे पुसत उभ्या होत्या. त्यांनी मला ओल्या आवाजात विचारलं, जरा बाजूला होता का, फोटोत येताय. लेकरू बाजूला झालं.

मी आधी एका अंगाने डोकावून पाहिलं, मग दुसऱ्या. दार आणि भिंत यांत जेमतेम वीतभर फट होती आणि तिच्यात अंधार. मी फोनची बॅटरी लावून हात आत घातला तशी घंटा वाजली. बुटांचा बदकासारखा आवाज करत तो शांततेचा माणूस आला, आणि त्याच्या मागून गळ्यात ओळखपत्र घातलेल्या संग्रहालयाच्या बाई. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच तरुण होत्या आणि फार हळू आवाजात बोलत होत्या, जणू दालनात कुणी आजारी आहे. वस्तूंना हात लावू नये, त्यांनी समजावलं. ही नुसती वस्तू नाही, ती साक्ष आहे. मी म्हणालो, साक्षच हवी आहे मला, तिला जरा वळवा. ते शक्य नव्हतं. दार भिंतीत लोखंडी कंसांनी बसवलेलं होतं, तज्ज्ञ येऊन गेले होते, एक समिती होती. मी विचारलं, आतल्या बाजूला कडी आहे का? बाईंना आठवेना. कडी हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेला नव्हता. मी विचारलं, दांडा वाकलाय का? त्यांनी माझ्याकडे, मग शांततेच्या माणसाकडे पाहिलं. तेव्हा बायको पुढे झाली आणि म्हणाली, "हे ते लेकरू आहे."

बाईंचा चेहरा बदलला तो मी विसरणार नाही. हरवलेली वस्तू सापडल्यावर होतो तसा. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. सर, आम्ही तुम्हाला किती शोधलं; आत्याबाईंकडून दार मिळालं, गोष्टही त्यांनीच दिली, पण लेकरू नव्हतं. वरच्या मजल्यावर वाचलेल्यांच्या मुलाखती दाखवतात, तिथे एक पडदा अजून रिकामा होता. त्यांनी मागितलं काही नाही, पण मला कळलं, आणि मी म्हणालो, बोलतो, आधी कडी. मग समिती वगैरे राहिली बाजूला. दालनाच्या मागून एसी दुरुस्तीसाठी ठेवलेली बोळकांडी जात होती, आणि तिच्यात उघडणारी एक झडप दाराच्या बरोब्बर मागे होती. त्यांनी किल्ली मागवली. बोळकांडीत एकच माणूस शिरू शकत होता आणि तोही सडपातळ असेल तर. मी पोट आत घेऊन, गाल भिंतीला घासत, आडवा सरकू लागलो. सिमेंटचा वास, धूळ, पाइपमधली घरघर. पुढे फोनचा उजेड, मागे बायकोचा आवाज, "हळू." झडपेपाशी पोचल्यावर मी ती उघडली नाही. हात तिच्यावर ठेवून उभा राहिलो. इथून परत जाता येईल, असं मला फार स्पष्टपणे वाटलं. परत जाऊन सांगता येईल की दिसत नाही. मग आईच्या गोष्टीतल्या ओट्यावरून, फाटकापासून, अंगणातून वडील धावत राहतील, पाठ माझ्याकडे राहील, आणि मी उरलेली दारं बाहेर उघडत बसेन. मी झडप उघडली.

निळा रंग. आतून जास्त शाबूत. आडवी पट्टी. पट्टीच्या वर भरून काढलेली दोन-तीन भोकं, वाळवीची असतील. आणि कडी. मी उजेड जवळ नेला. दांडा सरळ होता. मी नखाने त्याच्या कडेने गेलो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, साइटवर कोन तपासतात तसा. कुठेही बाक नाही. पट्टी जागच्या जागी, स्क्रू बसलेले, लाकूड कुठेही फाटलेलं नाही. मी दांडा धरून सरकवला. तो अलगद सरकला, लोण्यातून गेल्यासारखा, हिसडा न देता. परत आणला. परत सरकवला. म्हणजे कडी काढलेली होती. ते बाहेर होते. ते बाहेर होते आणि आत आले. माझ्या घशातून एक आवाज आला, तो त्या बोळकांडीत इतका मोठा झाला की बायको पलीकडून ओरडली, काय झालं. मी दाराच्या आतल्या बाजूला कपाळ टेकवून उभा होतो, आणि नाकाला पाणी आलं होतं, आणि पुसायला हात वर नेण्याइतकी तिथे जागा नव्हती.

मुलाखत चांगली झाली असं बाई म्हणाल्या. काळा पडदा, एक खुर्ची, तोंडावर दिवा. मी सुरुवातीला नकाशा सांगावा तसा सांगत होतो, खोली एवढी, खाट इथे, दार तिथे. मग बाईंनी हळूच विचारलं, आणि वडील? मी म्हणालो, बाबा बाहेर होते. हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारत होतो आणि ते किती सोपे होते. जमीन हलली, मी म्हणालो, आणि त्यांनी तोंडातला ब्रश टाकला. ब्रश मी तिथल्या तिथे रचला. पण तो होताच की. ते अंगणात होते, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला ते फार जवळ वाटलं. अंगणातून कुणीही आत येईल. मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी नेलं आणि तिथून धावत आणलं. लोक उलट दिशेने पळत होते, मी म्हणालो. बाबा एकटेच घराकडे. दिव्याच्या उजेडात मला ते दिसत होते, बनियनमधले, खांद्याजवळ भोक. माझ्याकडच्या त्या पाठीला मी हळूहळू, खांद्याला धरून वळवत होतो, आणि ती वळत होती, तिला छाती आली, गळा आला. चेहरा आला नाही, पण बाईंनी डोळे टिपले आणि कॅमेरावाल्याने अंगठा वर केला. मागे बायको उभी होती. ती रडत नव्हती. तिने माझ्या जबड्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. गाठ नव्हती म्हणे.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली. ऊन उतरलं होतं, काचेवर कीटक आपटत होते, आणि मी गाणं म्हणत होतो, म्हणजे त्यातलं येतं तेवढं. बायकोने विचारलं, आत्यांना फोन लावू का, बऱ्याच दिवसांत बोलणं नाही, आणि दार त्यांनीच जपलं. मी म्हणालो, लाव, स्पीकरवर लाव. आत्याला कमी ऐकू येतं म्हणून ती फोनवर सगळ्यांशी लांब उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तशी बोलते. "ढब्या, जाऊन आलास का रे? चांगलं लावलंय ना?" मी म्हणालो, फार चांगलं. म्हणालो, तू ते जपलंस म्हणून. म्हणालो, आत्या, मी आत शिरून कडी बघितली, सरळ आहे, जरासुद्धा वाकलेली नाही, म्हणजे बाबा खरंच बाहेर होते. पलीकडे आत्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

"कुठली कडी?" आत्या म्हणाली.

"दाराची. आतली."

"ती होय. ती मी बसवून घेतली. आमच्या न्हाणीघराला नव्हतं का ते दार, भूकंपानंतर घर बांधलं तेव्हापासून?"

बायकोने स्पीकर बंद करायला हात पुढे केला, आणि मग तो बंद केला नाही. मी विचारलं, मग मूळची कडी? मूळची कुठली राहायला, आत्या म्हणाली. ढिगाऱ्यातून काढताना कुणी काय ओढलं, कोण बघतंय, तेव्हा माणसं काढायची होती. तिच्याकडे आलं तेव्हा नुसती फळी आली. संग्रहालयाच्या लोकांनी नेताना विचारलं होतं की यातली बाहेरची बाजू कुठली, तर तिने कडी नसलेली दाखवली, कारण तिच्या घरात तीच बाहेर होती. मग तिने विचारलं की जेवलात का, आणि गुडघ्यांचं सांगितलं. मी गाडी उजव्या लेनमधून डावीकडे घेतली आणि वेग कमी केला. त्या कडीचे स्क्रू डोक्यावर अधिकची खूण असलेले, नव्या पद्धतीचे होते. मी ते पाहिले होते, त्यांच्या वरची भरून काढलेली भोकंही. आमचं घर होतं तेव्हा असले स्क्रू मिळतच नसत. आत्या फोन ठेवायच्या आधी म्हणाली की कडी बसवली ते बरंच झालं, न्हाणीघराला आतून कडी नसली की पाहुण्यांची पंचाईत होते.